सात वर्षे म्हणजे नेमकी किती?

'गॉन विथ द विंड'मधली मेलनी आठवते? स्कार्लेट ओहाराच्या वादळी, आपमतलबी, लखलखत्या व्यक्तिमत्त्वाशेजारी शांतपणे उभी असलेली, कुणाविषयीही वाईट न चिंतणारी मेलनी. ही भूमिका करणाऱ्या ऑलिव्हिया डी हॅविलंडची प्रतिमा जगाच्या मनात तशीच राहिली: सोज्ज्वळ, मृदू, सोशिक. आणि याच सोशिक चेहऱ्याच्या बाईने १९४३ मध्ये वॉर्नर ब्रदर्ससारख्या बलाढ्य स्टुडिओला न्यायालयात खेचले आणि हरवले.

आजचा धागा त्या खटल्याविषयी आहे, आणि त्यानंतर तिने केलेल्या चित्रपटांविषयीही. खटल्याची गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत येते, चित्रपटांची गोष्ट सिनेमाच्या पुस्तकांत. माझ्या मते या दोन गोष्टी सुट्या करून सांगितल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑलिव्हियाचा जन्म १ जुलै १९१६ रोजी टोकियोत झाला. आईवडील ब्रिटिश, वडील तिथे पेटंटविषयक वकिली करीत, आई पूर्वाश्रमीची नटी. १९१९ मध्ये आई दोन लहान मुलींना घेऊन निघाली ती कॅलिफोर्नियात स्थिरावली. धाकटी मुलगी पुढे जोन फॉन्टेन या नावाने प्रसिद्ध झाली. हौशी रंगभूमीवर काम करणाऱ्या ऑलिव्हियाला १९३४ मध्ये माक्स राइनहार्ट या थोर दिग्दर्शकाच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये बदली नटी म्हणून घेतले गेले. मूळ नटी बाहेर पडली आणि हर्मियाची भूमिका या अठरा वर्षांच्या मुलीकडे आली. त्याच नाटकावरून वॉर्नर ब्रदर्सने चित्रपट काढला आणि तिला करारात बांधले.

हा 'करार' नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळे नाट्य त्यातच आहे.

त्या काळी हॉलिवूडमधले नट-नट्या आजच्यासारखे चित्रपटागणिक काम स्वीकारीत नसत. ते स्टुडिओचे पगारी नोकर असत. करार सात वर्षांचा, पण सात वर्षांची हमी फक्त एका बाजूने. दर वर्षी मुदत वाढवायची की माणसाला घरी पाठवायचे, हे स्टुडिओ ठरवी. कलावंताला मात्र मध्येच सोडून जाता येत नसे. कोणती भूमिका करायची, कोणाबरोबर, हेही स्टुडिओच सांगे. दुसऱ्या स्टुडिओला ती नटी हवी असली तर तिला चक्क उसने दिले जाई. भाडे जास्त घ्यायचे, तिला ठरलेला पगार द्यायचा, वरची रक्कम स्टुडिओच्या तिजोरीत.

आणि भूमिका नाकारली तर? तर निलंबन. समजा, एखाद्या नटीने एक चित्रपट नाकारला आणि तो दुसऱ्या नटीला घेऊन दहा आठवड्यांत पुरा झाला. त्या दहा आठवड्यांचा पगार बंद. शिवाय हे दहा आठवडे कराराच्या शेवटी जोडले जाणार. म्हणजे कॅलेंडरवर वर्षे उलटत राहतात, पण कराराचे घड्याळ थांबलेले असते. जी जास्त 'नाही' म्हणेल तिचा करार जास्त लांबणार. या हिशेबाने स्वाभिमानी कलावंताची सात वर्षे दहाही होऊ शकत होती.

ऑलिव्हियाची सुरुवातीची वर्षे मात्र वेगाने गेली. एकट्या १९३५ मध्ये तिचे चार चित्रपट झळकले. त्यांतला 'कॅप्टन ब्लड' हा एरॉल फ्लिनबरोबरचा पहिला. १९४१ पर्यंत या जोडीने आठ चित्रपट केले. १९३८ चा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' आजही पाहावा असा आहे. त्यातले टेक्निकलरचे रंग आजच्या संगणकी रंगांना लाजवतील. तिची मेरियन त्यात गोड दिसते, चुणचुणीत बोलते, आणि कथेला तिची गरज मुख्यतः नायकाने सोडवावी एवढ्यापुरतीच असते. हाच पेच होता. फ्लिनने तलवार चालवायची आणि तिने गवाक्षातून पाहायचे. वीस-बावीस वर्षांच्या या मुलीला हे लवकरच कळून चुकले होते.

म्हणूनच मेलनीची भूमिका मिळवण्यासाठी तिने जे केले ते बोलके आहे. निर्माता डेव्हिड सेल्झनिक तिला घ्यायला तयार होता, पण जॅक वॉर्नर तिला उसनी द्यायला तयार नव्हता. मग ऑलिव्हियाने मालकाला बाजूला ठेवून मालकिणीला गाठले. जॅक वॉर्नरच्या पत्नीला, ॲनला, तिने चहाला बोलावले आणि सरळ मदत मागितली. ॲनने नवऱ्याचे मन वळवले.

'गॉन विथ द विंड'ने तिला ऑस्करचे पहिले नामांकन मिळवून दिले. पारितोषिक मात्र त्याच चित्रपटातल्या हॅटी मॅकडॅनिएलला मिळाले. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. २९ फेब्रुवारी १९४० च्या त्या समारंभात मॅकडॅनिएलला सहकाऱ्यांपासून वेगळ्या टेबलावर बसवले होते, हेही या गोष्टीत नोंदवून ठेवू. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

दुसरे नामांकन १९४१ च्या 'होल्ड बॅक द डॉन'साठी. हाही उसना चित्रपट, पॅरामाउंटचा. त्या वर्षीचे पारितोषिक सख्ख्या बहिणीने, जोनने पटकावले. बहिणींच्या वैराच्या कथा पुढे कित्येक दशके चघळल्या गेल्या. मला त्यात फारसा रस नाही. रस आहे तो या योगायोगात, खरे तर योगायोग नसलेल्या गोष्टीत: दोन्ही नामांकने घराबाहेरच्या चित्रपटांसाठी. घरच्या स्टुडिओला आपल्याकडे काय आहे हे ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून त्याची गरज वाटत नव्हती.

ती भूमिका नाकारू लागली. प्रत्येक नकारासोबत निलंबन येऊ लागले.

याच स्टुडिओत तिच्याआधी एकीने झुंज दिली होती. बेट्टी डेव्हिस. हलक्या भूमिकांना कंटाळून ती १९३६ मध्ये इंग्लंडला निघून गेली आणि तिथल्या निर्मात्याकडे काम करायचे तिने ठरवले. वॉर्नर ब्रदर्सने लंडनमध्ये दावा लावला. स्टुडिओच्या नामांकित वकिलाने न्यायालयासमोर तिचे चित्र एका हट्टी, खोडकर मुलीचे उभे केले. एवढा पगार मिळत असताना बाईची तक्रार ती काय, असा एकूण सूर. डेव्हिस हरली, खर्चात बुडाली आणि परत येऊन कामाला लागली. तिचा युक्तिवाद होता की करारच अन्यायकारक आहे. न्यायालये सहसा असे ऐकून घेत नाहीत. सही केली आहे ना, मग पाळा.

ऑलिव्हियाची वाट वेगळी होती आणि तिचे यश नेमके त्यात आहे. ५ मे १९३६ पासून लागू झालेल्या तिच्या कराराची सात वर्षे मे १९४३ मध्ये भरली. आता आपण मोकळ्या झालो, असे तिला वाटले. स्टुडिओने सांगितले, अजून नाही. निलंबनाचे सुमारे सहा महिने बाकी आहेत.

मार्टिन गँग या वकिलाने तिचे लक्ष एका जुन्या तरतुदीकडे वेधले. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेचे कलम २८५५. व्यक्तिगत सेवेचा करार सेवा सुरू झाल्यापासून सात वर्षांपलीकडे कर्मचाऱ्यावर लादता येणार नाही, असा त्याचा आशय. ही तरतूद नटनट्यांसाठी केलेली नव्हती. १८७२ च्या दिवाणी संहितेत ही मर्यादा अवघी दोन वर्षांची होती; ती वाढत वाढत १९३१ मध्ये सातवर आली. कायदा पुस्तकात होता आणि हॉलिवूडमधले हजारो करार त्याच राज्यात होत होते. सात या आकड्याचे पालन स्टुडिओही करीत, फक्त मोजपट्टी स्वतःच्या हातात ठेवून.

म्हणजे ऑलिव्हियाने करार अन्यायकारक आहे असे म्हटलेच नाही. तिने एवढेच विचारले, की सात वर्षे म्हणजे किती?

२३ ऑगस्ट १९४३ रोजी दावा दाखल झाला. स्टुडिओचे म्हणणे असे, की सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षे. निलंबनाचा काळ त्यात धरायचा नाही. शिवाय मुदत वाढेल या अटीवर तिने स्वतः सही केली आहे. नोव्हेंबरमध्ये कनिष्ठ न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. वॉर्नर ब्रदर्सने तत्काळ अपील केले.

अपिलाच्या काळात जे झाले ते निकालाइतकेच महत्त्वाचे आहे. वॉर्नर ब्रदर्सने इतर स्टुडिओंना पत्रे धाडली. ही नटी आमच्या कराराखाली आहे असे त्यात बजावले होते आणि अर्थ सगळ्यांना कळला. जवळपास दोन वर्षे तिला कोणत्याही स्टुडिओत काम मिळाले नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची नायिका, त्या काळाच्या निर्दय हिशेबाने ऐन उमेदीची वर्षे, आणि पडद्यावरून नाहीशी. खटल्याचा खर्च सुमारे १३,००० डॉलर, तोही स्वतःच्या खिशातून. हरली असती तर बाहेरचे दार बंद आणि आतल्या दारात जॅक वॉर्नर. सोशिक चेहऱ्याच्या त्या बाईने काय पणाला लावले होते हे इथे दिसते.

त्या रिकाम्या काळात ती जखमी सैनिकांच्या भेटीला लष्करी इस्पितळांत गेली, अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांपासून दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत. तिथे तिला न्यूमोनियाही झाला आणि काही दिवस तिला स्वतःलाच तिथल्या इस्पितळात काढावे लागले.

८ डिसेंबर १९४४ रोजी अपील न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती क्लेमंट शिन यांनी लिहिलेला हा निकाल वाचनीय आहे. त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, सात वर्षे म्हणजे कॅलेंडरची सात वर्षे. काम केले की नाही, निलंबन होते की नाही, याने वर्ष लांबत नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. हे संरक्षण कर्मचाऱ्याने सही करून सोडून देऊ म्हटले तरी सोडता येत नाही, कारण ते एकट्या त्या व्यक्तीच्या सोयीसाठी नसून सार्वजनिक हितासाठी आहे. माणसाचा अनुभव आणि कौशल्य वाढत जाते. ठरावीक काळानंतर त्याला आपल्या श्रमाचे मोल नव्याने ठरवता आले पाहिजे, वर जाता आले पाहिजे, असा त्या विवेचनाचा रोख होता.

जरा थांबून या युक्तिवादाकडे पाहा. प्रश्न एका श्रीमंत नटीचा होता, पण न्यायालयाने तिला कामगार मानूनच उत्तर दिले. डेव्हिसला लंडनमध्ये जे मिळाले नाही ते हेच.

१९४५ च्या आरंभी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला आणि निकाल कायम झाला. महायुद्धावर गेलेल्या अनेक नटांचे करारही अशाच रीतीने गोठवलेले होते. त्यांनाही याचा अर्थ कळला: रणांगणावर गेलेली वर्षे स्टुडिओला परत द्यायची नाहीत.

आता चित्रपटांकडे. स्वातंत्र्य मिळाले, पण त्याचे तिने काय केले? कायद्याच्या पुस्तकांत हा प्रश्न येत नाही.

पहिला, १९४६ चा 'टू ईच हिज ओन'. दिग्दर्शक मिचेल लायसन. तोच हवा असा तिचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धातल्या एका वैमानिकापासून अविवाहित स्थितीत मूल झालेली लहान गावातली मुलगी, लोकलाजेपायी ते मूल दुसऱ्या घरी गेलेले, आणि पुढची दोन दशके स्वतःच्या मुलाला दुरून पाहणारी आई. तिचे वाढते वय, कठोर होत जाणारा आवाज, दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनमध्ये दिसणारी ती करडी, तुटक बोलणारी उद्योजक बाई: सुरुवातीची मुलगी आणि ही बाई एकच आहे हे डोळ्यांना पटते आणि पटतही नाही. कथा अश्रुपाती आहे, हे मान्य. पण तिने ती रडकी होऊ दिली नाही. पहिले ऑस्कर याच चित्रपटासाठी.

दुसरा, १९४८ चा 'द स्नेक पिट'. व्हर्जिनिया नावाची तरुणी एका बाकावर बसली आहे, ऊन आहे, तिला वाटते आपण बागेत आहोत. हळूहळू तिला आणि आपल्याला कळते की हे मनोरुग्णालय आहे. या भूमिकेसाठी ऑलिव्हियाने अशा रुग्णालयांत जाऊन उपचार प्रत्यक्ष पाहिले, वजन घटवले आणि रंगभूषेचा सोस सोडला. गवाक्षात उभी राहणारी मेरियन इथे ओळखूही येत नाही. ब्रिटनमध्ये हा चित्रपट दाखवताना सेन्सॉरने आधी निवेदन जोडायला लावले की यातली माणसे नट आहेत आणि आपल्याकडची इस्पितळे अशी नाहीत. चित्रपट किती बोचला असेल याचा अंदाज त्यावरून करावा. व्हेनिसच्या महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला.

तिसरा, आणि माझ्या दृष्टीने सर्वश्रेष्ठ, १९४९ चा 'द एअरेस'. हेन्री जेम्सच्या 'वॉशिंग्टन स्क्वेअर' या कादंबरीवरचे नाटक तिने न्यूयॉर्कमध्ये पाहिले आणि विल्यम वायलरला गाठून यावर चित्रपट करा म्हणून सांगितले. सहा वर्षांपूर्वी जिला भूमिका नाकारण्याचीही मुभा नव्हती, ती आता दिग्दर्शक निवडत होती.

तिची कॅथरीन स्लोपर ही श्रीमंत डॉक्टरची बुजरी, अनाकर्षक मुलगी. बापाच्या लेखी ती कुचकामी. आणि जो देखणा तरुण तिच्यावर प्रेम करतो त्याचे प्रेम तिच्यावर की तिच्या पैशावर, हे तिला वगळता सर्वांना दिसते. पळून जायच्या रात्री तो येत नाही. ती सामानाची बॅग घेऊन जिना चढून वर जाते. एवढाच प्रसंग. वायलरने तो पुनःपुन्हा करून घेतला; शेवटी वैतागून तिने बॅग फेकली. बॅग रिकामी आहे हे वायलरच्या ध्यानात आले आणि त्याने तीत पुस्तके भरायला लावली. पडद्यावर जे ओझे दिसते त्यात अभिनय किती आणि पुस्तके किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसरे ऑस्कर या चित्रपटाचे.

आयुष्यात तिला एकूण पाच नामांकने मिळाली. त्यांतले एकही वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपटासाठी नव्हते.

समाजमाध्यमांवर एक वाक्य सतत फिरते, की एका नटीने हॉलिवूडची स्टुडिओ व्यवस्था मोडून काढली. ते खरे नाही. ती व्यवस्था मोडली ती मुख्यतः १९४८ च्या पॅरामाउंट खटल्याने, ज्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली, आणि मग दूरचित्रवाणीने. ऑलिव्हियाच्या निकालाने त्या इमारतीचा एक खांब काढला. तो महत्त्वाचा खांब होता, पण एकच.

दुसरी मर्यादा अधिक बोचरी आहे. १९४२ च्या 'इन धिस अवर लाइफ'मध्ये बेट्टी डेव्हिस, ऑलिव्हिया आणि हॅटी मॅकडॅनिएल या तिघी एकत्र आहेत. डेव्हिस खटला हरलेली, ऑलिव्हिया जिंकणार असलेली. आणि मॅकडॅनिएल? तिच्यासाठी कराराची मुदत हा प्रश्नच नव्हता. ऑस्कर मिळाल्यानंतरही तिच्या वाट्याला बहुतेक मोलकरणींच्याच भूमिका आल्या. करारातून सुटण्याचा हक्क उपयोगी पडतो तो बाहेर काहीतरी वाट पाहत असेल तरच.

कलम २८५५ आजही जिवंत आहे आणि तिकडे त्याला 'डी हॅविलंड कायदा' असेच म्हणतात. १९८७ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी त्यात स्वतःसाठी एक वाट काढून घेतली. गायकाने ठरलेले अल्बम दिले नाहीत तर भरपाई मागता येते. तरीही २००८ मध्ये ईएमआय कंपनीने 'थर्टी सेकंड्स टू मार्स' या बँडवर तीन कोटी डॉलरचा दावा लावला तेव्हा बँडने याच कायद्याचा आधार घेतला. पुढे तडजोड झाली. त्यांचा गायक जॅरेड लेटो पॅरिसला जाऊन ऑलिव्हियाला भेटून आला. पन्नासच्या दशकापासून ती तिथेच राहत होती.

खटल्यांशी तिचे नाते शेवटपर्यंत सुटले नाही. २०१७ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तिने एका दूरचित्रवाणी मालिकेवर दावा लावला. आपले चित्रण कुजबुजखोर बाई असे केले, ही तक्रार. या वेळी ती हरली. २०१८ मध्ये निर्णय देणारे न्यायालय होते कॅलिफोर्नियाच्या त्याच दुसऱ्या जिल्ह्याचे अपील न्यायालय, ज्याने १९४४ मध्ये तिला मोकळे केले होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विचार करता ते बरोबर होते असे मला वाटते, पण त्या वयात दावा लावण्याची तिची धमक पाहून हसू आणि आदर एकदमच दाटून येतात. २६ जुलै २०२० रोजी पॅरिसमध्ये तिचे निधन झाले. वय १०४.

तिचे चित्रपट पाहायचे असतील तर एक क्रम सुचवतो. आधी 'रॉबिन हूड', मग थेट 'द एअरेस'. दोहोंत अंतर अकरा वर्षांचे आहे. जिन्यावरचा तो प्रसंग मी सांगितला, पण चित्रपटात जिना पुन्हा एकदा येतो, अगदी अखेरीस, हातात दिवा असताना. तो सांगत नाही. तो पाहा.